उकळलेलं नायलॉन

शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी कधीकधी अण्णांच्या गाळ्यावर जायचे. घाटकोपरहून बसने साकीनाका, तिथून गल्लीत आत. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यावर पंगतीच्या आमटीला पुरेल एवढं ॲल्युमिनियमचं पातेलं. आत पाणी रटरटत असायचं आणि पाण्यात नायलॉनच्या वायर क्लिपा, हजार-दीड हजार तरी. आठ-नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं, काय शिजतंय? अण्णा झाऱ्याने क्लिपा खालीवर करत म्हणाले, "क्लिपा. कच्च्या धाडल्या तर पार्टी परत पाठवते."

ती थट्टा नव्हती. मशीनमधून नुकत्याच पडलेल्या क्लिपेचा खटका दाबला की ती टक्कन तुटायची. दोन-तीन तास उकळलेली वाकायची, तिचा खटका बसायचा, उघडायचा, पुन्हा बसायचा. गाळ्यात सगळे या मालाला 'कच्चा' आणि 'पक्का' म्हणत. उकळून मऊ पडलेल्या वस्तूला पक्की म्हणतात यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. तांदळाचंही तसंच असतं की.

गाळा म्हणजे प्लास्टिकच्या लहान वस्तू साच्यात पाडण्याची दहा बाय वीसची खोली. दोन हँड मशीन, एक ऑटोमॅटिक, एक ग्राइंडर आणि प्लास्टिकच्या दाण्याच्या गोणी. अण्णा तिथे ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढे मालकाचे भागीदार झाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक लहान वही असायची. तिच्यात प्रत्येक दाण्यापुढे एकच आकडा: मशीनचं बॅरल, म्हणजे दाणा वितळवायची नळी, किती अंशांवर तापवायचं. नायलॉन २४५, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) २१०, जीपी १९५. प्लास्टिकला एवढा एकच आकडा असतो आणि तो वितळण्याचा असतो, हे मी शाळेतल्या द्रवणांकाच्या धड्याआधी त्या वहीतून शिकले होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, शिकायला गेले. (आता तिला आयसीटी म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडातून जुनंच नाव निघतं.) तिथे कळलं की आकडे दोन असतात. एक टीएम, म्हणजे द्रवणांक. दुसरा टीजी, ग्लास ट्रान्झिशन. मराठी परिभाषेत पॉलिमरला, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाला, 'बहुवारिक' असा भारदस्त शब्द आहे, आणि टीजीला 'काचसंक्रमण तापमान' म्हणता येईल; पण वर्गातही, लॅबमध्येही आम्ही सगळे टीजी-टीएमच म्हणायचो. टीजीच्या खाली प्लास्टिक काचेसारखं असतं, कडक आणि ठिसूळ. टीजी ओलांडला की त्याला लवचीकपणा येतो, पण ते वाहत नाही, आकार धरून असतं. टीएमला मात्र खरोखर वितळतं.

हे घरी येऊन सांगण्याचा उत्साह मला महागात पडला. मी म्हटलं, "अण्णा, जीपीला द्रवणांकच नाही. ते वितळत नाही कधी."

अण्णा जेवत होते. घास हातातच राहिला. "मग मी काय करतो वीस वर्षं? १९५ वर लावतो, पातळ होऊन साच्यात जातं, कंगवे पडतात. वितळत नाही म्हणे!"

जीपी म्हणजे साधं पॉलिस्टायरीन. स्वस्तातले कंगवे, पारदर्शक डब्या त्याच्याच. थर्माकोलही त्याचंच फुगवलेलं रूप, ज्याची मखरं २०१८ च्या बंदीनंतर गणपतीतून गेली. या पॉलिस्टायरीनच्या साखळीवर बाजूला बेंझिनची कडी लटकते, कुठे या बाजूला, कुठे त्या बाजूला, काही शिस्त नाही. अशा साखळ्या एकमेकींना बिलगून ओळीत बसूच शकत नाहीत, म्हणजे स्फटिक होत नाहीत. आणि स्फटिकच नसेल तर वितळायचं कोणी? १०० अंशांच्या आसपास त्याचा टीजी येतो, त्यानंतर ते फक्त सैल, आणखी सैल होत जातं. काकवी तापवल्यासारखं. नायलॉनचं तसं नाही. त्यात स्फटिक आहेत, ते २२० च्या सुमारास मोडतात आणि मग ते एकदम पातळ होतं.

मी हे सगळं ताटाशेजारी बसून सांगितलं. अण्णा गप्प. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "म्हणून नायलॉनला मशीनची तोटी, नोझल, गळतं आणि जीपीला नाही?"

हो, त्याचा मोठा भाग हाच. माझ्या पुस्तकात ती ओळ नव्हती.

मुंबईकराला रेणू समजावायचे म्हटलं की लोकल आठवते आणि मला तो मोह टाळता येत नाही. पण पॉलिमरच्या बाबतीत ती बऱ्यापैकी लागू पडते. डब्यात काही लोक बसलेले असतात, ओळीत, गुडघ्याला गुडघा लावून. काही उभे, कसेही, कुठेही. नायलॉन, पीपी, पॉलिथिन, बाटलीचं पेट या सगळ्यांत असे दोन्ही प्रकार एकत्र असतात: थोडा भाग स्फटिक, उरलेला अस्ताव्यस्त. टीजी ही उभ्या गर्दीची गोष्ट. त्याखाली इतकं चेपलेलं की कोपर हलत नाही. टीजी आला की बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेता येते, पाय बदलता येतो, पण डब्याबाहेर पडता येत नाही. रेणूंतही तेच: अख्खी साखळी सरकत नाही, तिचा काही डझन अणूंचा तुकडा वळवळू लागतो. टीएम ही बसलेल्यांची गोष्ट. ते उठले की ओळी मोडतात. उपमा कुठे तुटते तेही सांगते. इथे एकच प्रवासी अर्धा बसलेला आणि अर्धा उभा असतो, कारण एकच लांब साखळी स्फटिकातून निघून अस्ताव्यस्त भागात जाते आणि पुढच्या स्फटिकात शिरते.

आता प्रश्न असा, की उभ्यांच्या आणि बसलेल्यांच्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध का असावा?

तो असतो. बीमन यांनी १९५२ मध्ये बऱ्याच पॉलिमरची दोन्ही तापमानं शेजारी शेजारी मांडून पाहिली. डाऊ केमिकलमध्ये काम करणारे बॉयर यांनीही याच मार्गाने हिशोब केला. निघालं ते असं: टीजी हा टीएमच्या साधारण दोन तृतीयांश. साखळीची रचना सममित असेल तर निम्म्याच्या जवळ. बॉयर-बीमन नियम म्हणून तो शिकवतात. सरांनी फळ्यावर एका ओळीत लिहिला आणि म्हणाले, पेटचा काढा. पेटचा टीएम २५५. मी झटकन १७० सांगितलं.

सर म्हणाले, "मग तुझ्या पाण्याच्या बाटलीत उकळता चहा भरून आण. १७० पर्यंत कडक राहणार ना ती?"

वर्ग हसला. गोम अशी की हा नियम केल्विनमध्ये चालतो. सेल्सिअसचा शून्य पाण्याच्या सोयीने ठेवलेला. रेणूंच्या हालचालीचा खरा शून्य उणे २७३ ला. २५५ चे केल्विन ५२८, त्याचे दोन तृतीयांश ३५२, म्हणजे ७९ अंश सेल्सिअस. पेटचा मोजलेला टीजी ७० ते ८० मध्ये येतो. बाटलीत गरम पाणी ओतल्यावर ती पिळवटून आक्रसते त्याचं कारण हेच. बाटली करताना पेटला १०० अंशांच्या आसपास तापवून ताणतात आणि फुगवतात, मग ते ताणलेल्या अवस्थेत गारठतं. पुन्हा ८० च्या वर नेलं की ताण धरून ठेवलेल्या साखळ्या मोकळ्या होतात. आमच्या आईने एकदा पाठ शेकायला अशा बाटलीत उकळतं पाणी भरलं होतं. शेक राहिला बाजूला, बाटलीचं वांगं झालं. गरम असतानाच भरायच्या रसांच्या काही बाटल्यांची मान पांढरी दिसते ती पाहा: तिथे मुद्दाम तापवून स्फटिक वाढवलेले असतात, म्हणून ती मान टीजी ओलांडूनही आकार सोडत नाही.

मला नाद लागला. जिथे आकडा मिळेल तिथे दोन तृतीयांश करायचं. कोरडं नायलॉन: ४९३ केल्विनचे दोन तृतीयांश म्हणजे ५६ अंश, खरा टीजी ५० च्या जवळ. नैसर्गिक रबर तर थक्क करणारं. त्याचे स्फटिक २८ अंशांच्या आसपास वितळतात. हिशोबाने उणे ७२ येतं आणि मोजलेलं असतं उणे ७०. केमिस्टकडच्या ग्लिसरीनलाही हे लागू पडतं, आणि ते तर पॉलिमरसुद्धा नाही: द्रवणांक १८, टीजी उणे ८३ च्या आसपास, हिशोब उणे ७९.

यामागचं कारण मला परीक्षेनंतर बऱ्याच वर्षांनी नीट उमजलं. दोन्ही तापमानं दोनच गोष्टींवर उभी आहेत: साखळी स्वतः किती ताठ आहे, आणि शेजारच्या साखळीला तिने किती घट्ट धरलंय. पेटच्या कण्यातच बेंझिनची कडी आहे, ती वळत नाही. नायलॉनच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींचे हात धरतात. अशी साखळी वळवळायला जास्त उष्णता लागते, म्हणजे टीजी वर. स्फटिकातून सुटायलाही जास्त लागते, शिवाय ताठ साखळीला सुटून फारसं स्वातंत्र्य मिळत नाही, म्हणजे टीएमही वर. रबराच्या साखळीत यातलं काहीच नाही, तिचे दोन्ही आकडे खाली. एकाच आईबापाची दोन मुलं, चेहरेपट्टी सारखी असणारच.

पण सारखी म्हणजे तंतोतंत नव्हे. पीपी घ्या, डब्याच्या झाकणांचं. टीएम १६५, हिशोबाने टीजी १९ अंश. हे खरं असतं तर जानेवारीतल्या पहाटे मुंबईतल्या निम्म्या डब्यांची झाकणं हातातून पडून फुटली असती. ती फुटतात, पण फ्रीझरमधून काढताना पडली तर, कारण खरा टीजी शून्याच्या थोडा खाली आहे. वीस-पंचवीस अंशांची चूक. त्याच फ्रीझरमध्ये गोठलेली दुधाची पिशवी दगडासारखी आपटा, तिला काही होत नाही. ती पॉलिथिनची. पॉलिथिनच्या साखळीवर लटकायला काही नाही, दोन्ही बाजू सारख्या. म्हणून ती सहज वळते आणि तितक्याच सहज ओळीत बसते. टीजी खाली जातो, टीएम वर राहतो, आणि दोघांमधली दरी रुंदावते. सममित साखळीला निम्म्याचा नियम लागतो तो म्हणून. पॉलिथिनच्या टीजीवरून तर अभ्यासकांत अनेक वर्षं वाद झाले. कोणी उणे ३० म्हणतं, कोणी उणे ८०, कोणी उणे १२०. जगात सर्वांत जास्त बनणारं प्लास्टिक, आणि त्याच्या टीजीवर एकमत नाही! मला हे वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

सममितीची सगळ्यात गंमतशीर जोडी पीव्हीसीची. पीव्हीसीत एका कार्बनवर एक क्लोरीन, टीजी ८० च्या आसपास. त्याच कार्बनवर दुसरा क्लोरीन बसवा. वाटतं, साखळी आणखी जड, आणखी ताठ होईल. पण टीजी पडतो उणे १८ ला! दोन्ही बाजू सारख्या झाल्यामुळे साखळीला वळायला सोपं जातं. टीएम मात्र २०० च्या जवळपास. केल्विनमध्ये टीजीला टीएमने भागलं की ०.५४. हे दुसरं प्लास्टिक म्हणजे पीव्हीडीसी. गोळ्यांच्या पाकिटांना ओलावा लागू नये म्हणून आतून त्याचा थर देतात.

सरांचं मत असं की हा नियम नव्या पॉलिमरचा पहिला अंदाज बांधण्यापुरता वापरावा आणि मग मोजावं. मी आता त्यात एवढीच भर घालते की जिथे तो चुकतो तिथे थांबून बघावं, कारण तिथे साखळीचं काहीतरी वेगळं चाललेलं असतं. आणि हे दोन आकडे दगडावरच्या रेघाही नव्हेत. पॉलिमर दहापट हळू थंड केला तर टीजी तीन-पाच अंशांनी खाली सरकतो; स्फटिक पातळ असतील तर टीएमही खाली येतो. टीएमला निदान सुप्त उष्णता असते, ठोस काहीतरी घडतं. टीजीला तेही नाही. आपण किती घाईत आहोत यावर तो थोडाफार ठरतो.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधताना मला पातेलं आठवलं. अण्णांकडून दोन पुड्या आणल्या, एकीवर त्यांनी 'कच्चा' लिहिलं होतं, दुसरीवर 'पक्का'. लॅबमध्ये डीएससी नावाचं यंत्र होतं. मसुराच्या डाळीएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाटीत पाच-दहा मिलीग्रॅम तुकडा ठेवायचा, मिनिटाला दहा अंशांनी तापवत न्यायचं, तो किती उष्णता घेतो ते यंत्र कागदावर काढतं. टीजीला रेघेत लहानशी पायरी दिसते, टीएमला मोठी दरी. (किंवा मोठी टेकडी. यंत्र कोणत्या कंपनीचं यावर ते अवलंबून; वर म्हणजे घेतलेली उष्णता की सोडलेली, याबाबत त्यांच्यात एकवाक्यता नाही.)

कच्च्या क्लिपेत सगळं पुस्तकाप्रमाणे आलं. पायरी ५० च्या जवळ, दरी २२० ला. पक्क्या क्लिपेत १०० च्या आसपास एक बेढब पसरट खड्डा आला आणि पायरी कुठे दिसेना. दोन दिवस मी त्या खड्ड्याला काय काय नावं दिली. मग सरांनी एवढंच विचारलं, "अगं, वाटीला झाकण घट्ट होतं का?" नव्हतं. क्लिपेतलं पाणी वाफ होऊन चाललं होतं, तेवढंच मी मोजत होते. मग घट्ट झाकणाची वाटी घेतली, द्रव नायट्रोजनने उणे ५० ला नेऊन तिथून सुरुवात केली आणि ८० लाच थांबले, नाहीतर वाफेने वाटी फुटली असती. तेव्हा शून्याच्या आसपास एक पुसट पायरी सापडली. वितळणं बघायला वेगळा तुकडा, उघडी वाटी: दरी पुन्हा २२० लाच. जागची हललेली नाही.

त्या दिवशी मी घाटकोपरला उतरून घरी न जाता गाळ्यावर गेले. पाणी फक्त उभ्या गर्दीत शिरलं होतं. साखळ्यांनी एकमेकींचे धरलेले हात सोडवून मध्ये जाऊन बसलं होतं, म्हणून टीजी पन्नासावरून शून्यावर आला. बसलेल्यांच्या ओळीत त्याला जागा मिळाली नाही, म्हणून टीएम तसाच. भागाकार ०.६५ वरून ०.५५ वर. साखळी तीच, तिचा ताठपणा तोच, आणि तरी नियम मोडला होता, तोही रॉकेलच्या स्टोव्हवर. मुंबईच्या खोलीचं तापमान आधी टीजीच्या खाली होतं, आता वर. कच्चं आणि पक्कं यांतला फरक एवढाच.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ०.५५ शी काही घेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग रॉकेल कमी लागेल असं काही निघालं का त्यातून?"

निघालं होतं खरं तर. थंड पाण्यातही होतं, फक्त दिवस लागतात. दमट हवेतही होतं, त्याला आणखी जास्त. पण पार्टीला माल सोमवारी हवा असायचा, म्हणून पातेलं गाळा बंद होईपर्यंत चढत राहिलं.

गाळा बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. तिथून मेट्रो जाते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका निघाला: साच्याचे बोल्ट, ती खिशातली वही आणि गाठ मारलेली पॉलिथिनची पिशवी, आत शंभर-दोनशे क्लिपा. पिशवीवर स्केचपेनने लिहिलेलं, 'कच्चा. उकळणे.' अक्षर अण्णांचंच.

अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी गाठ सोडली, एक क्लिप घेतली आणि सवयीने कानाजवळ नेऊन खटका दाबला, टक् ऐकायला. क्लिप वाकली. खटका बसला. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. पिशवी फिरवून लिहिलेलं वाचलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"ही उकळली कोणी?"

"वीस पावसाळे झाले, अण्णा," मी म्हटलं. "पॉलिथिनमधूनही वाफ शिरते."

त्यांनी चौथी क्लिप दाबून पाहिली. मग पिशवीला पुन्हा गाठ मारली, माझ्याकडे पेन मागितलं आणि 'उकळणे' वर एक रेघ ओढली.